दुसरा कागद

४ फेब्रुवारी

चिऊ,

तुला आवडो न आवडो, हे पत्र तुझ्याच नावाचं आहे. मागची तीन तू उघडली नसशीलच. एक तर परतच आलं, पाकिटाचा कोपराही दुमडलेला नव्हता. तरी लिहितो. सत्त्याहत्तराव्या वर्षी माणसाला दुसरं सुचतं तरी काय?

बातमी अशी की मी कविता म्हणून दाखवणार आहे. माझी स्वतःची. आपल्या कोपऱ्यावरच्या वाचनालयात दर महिन्याच्या शेवटी नव्या कवींची बैठक भरते. तिथे एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात माइक धरून उभं राहायचं, आधी आपली ओळख करून द्यायची, मग कविता. मी तिथून पाच वेळा जाऊन परत आलोय. काल पायरीपर्यंत गेलो.

तुला ठाऊकच नसेल मी लिहितो ते. तुझ्या आईला ठाऊक होतं. छापखान्यातून रद्दी प्रूफं घरी यायची, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी लिहायचो आणि कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली सारायचो. ती म्हणायची, "तुमच्या त्या टिपणांना वाळवी लागली तर माझ्या नावानं ओरडू नका." वाचून दाखवा असं मात्र कधी म्हणाली नाही. मीही कधी म्हटलं नाही, ऐक गं जरा.

कवितेचं वेड शाळेतलं. आमचे मास्तर टेबलावर डस्टरनं ताल धरायचे आणि आम्ही बेचाळीस पोरं एका सुरात म्हणायचो. खिडक्यांची तावदानं थरथरायची. त्या सुरात माझा आवाज सगळ्यात मोठा असे, असं मला तरी वाटायचं. पण मास्तरांनी "तू एकटा म्हण" म्हटलं की मी उभा राहायचो. ओठ हलायचे, आवाज नाही. "घोळक्यातला शूर," मास्तर म्हणायचे. पुढे नोकरीही तशीच मिळाली. चौतीस वर्षं रोज आठ तास मोठ्यानं वाचलं, पण एकही शब्द माझा नव्हता.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. सरळ सांगायला जातो तर जीभ उचलत नाही. म्हणून ती कवितेत घातली. आधी चार परक्या माणसांसमोर म्हणून बघतो. तिथे निभावलं तर तुला पाठवीन. नाही निभावलं तर आपल्यात ती हिंमत नाही असं धरून चालेन, आणि पुन्हा पत्रानं तुला त्रास देणार नाही.

बाबा


१२ फेब्रुवारी

चिऊ,

नाव दिलं.

ग्रंथपाल बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आजोबा, वर्तमानपत्रं आतल्या खोलीत."

"वर्तमानपत्र नको. बैठकीला नाव द्यायचंय."

"कुणाचं? नातीचं का?"

"माझं."

त्यांनी चष्मा नीट केला. "तुम्ही लिहिता?" हे त्यांनी इतक्या प्रेमानं विचारलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं. मग एक कागद दिला. नाव, वय, कवितेचं शीर्षक, आणि परिचय तीन ओळींत. शीर्षकाची जागा मी कोरी ठेवली. परिचयासाठी कागद घरी आणला आणि चार दिवस त्याच्यासमोर बसलो.

संध्याकाळी शोधक आला. माझा छापखान्यातला जोडीदार, मुद्रितशोधक म्हणून नावच शोधक; तुला आठवत असेल, तुला पेपरमिंट द्यायचा आणि वर म्हणायचा, "बापाला सांगू नको, तो मोठ्यानं वाचून दाखवेल." आम्ही एकतीस वर्षं एकाच टेबलाशी बसलो. मी मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, त्यानं प्रुफावर पेन्सिल फिरवत चुका धरायच्या. वाचायचं म्हणजे सगळंच. स्वल्पविराम, अर्धविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद, नवी ओळ. अर्थाकडे लक्ष द्यायचं नाही. अर्थात गुंतलं की डोळे पुढे धावतात आणि शब्द गळतो. लग्नपत्रिका असो की मृत्युलेख, आवाज एकच. कारखान्याच्या भोंग्यासारखा सपाट. तिथे मला सगळे 'रेडिओ' म्हणायचे.

शोधकानं कागद हातात घेतला. "रेडिओ, तुझी कसली ओळख करून द्यायची? गावातल्या निम्म्या पुस्तकांत तुझा आवाज आहे, फक्त ऐकू येत नाही."

"थट्टा नको. काय लिहू सांग."

"लिही, चौतीस वर्षांत याच्या हातून एक अक्षर सुटलं नाही."

मी म्हणालो, असं नाही लिहिता येणार.

"का? खोटंय का?"

मी चहा ठेवायला उठलो. शेवटी तीन ओळींच्या जागी एकच लिहिली: छापखान्यात वाचक होतो.

रोज दुपारी कपाटाच्या आरशासमोर उभा राहून सराव करतो. कविता पाठ आहे, झोपेतून उठवलंस तरी म्हणेन. भुजंगप्रयात साधलंय, मास्तर असते तर डस्टर थांबवून ऐकत राहिले असते. आरशातला म्हातारा ओठ हलवतो. परवापासून थोडा आवाजही यायला लागलाय.

बाबा


२४ फेब्रुवारी

चिऊ,

झालं. लिहायचं नव्हतं, पण दोन दिवस घरात कुणाशी बोलणार?

वाचनालयातली लांब टेबलं भिंतीशी सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. तीस-पस्तीस माणसं. औषधांच्या दुकानाचे मालक सूत्रसंचालन करतात. हसरा माणूस, प्रत्येक कवीच्या आधी एक विनोद आणि नंतर एक. माझा नंबर सातवा. सहाव्या नंबरच्या मुलीनं छान म्हटली. तिचे आईवडील पहिल्याच रांगेत बसले होते, वडिलांनी टाळ्या वाजवण्यासाठी हात आधीच उचलून ठेवले होते. मी त्यांच्याकडेच बघत राहिलो.

मग माझं नाव पुकारलं. ओळख करून द्या म्हणाले. "मी वाचक होतो," मी म्हणालो. "वा! वाचक तर आम्ही सगळेच आहोत आजोबा," ते म्हणाले, आणि माणसं हसली. वाईट नव्हतं ते हसू. पण पाठ असलेली कविता कुठे गेली कळेना. खिशातून कागद काढला, तो डोळ्यांसमोर धरला, आणि त्या कागदावर अक्षरं दिसल्याबरोबर, काय सांगू तुला, आवाज आला. मोठा, स्वच्छ, न अडखळता. मला इतकं हलकं वाटलं! मनात म्हटलं, आलं बुवा, जमलं.

तो कामावरचा आवाज होता.

"तुझे पत्र आले स्वल्पविराम तुला वाचले मी स्वल्पविराम नवी ओळ."

मला ते ऐकूच आलं नाही, चिऊ. चौतीस वर्षं जे तोंडातून आपोआप निघालं ते कानाला कसं कळणार? कुणीतरी खुदकन हसलं. मला वाटलं, खोकला असेल. मग दोघं-तिघं. तिसऱ्या ओळीच्या आधी अर्धविराम आला तेव्हा सगळी खोली हसत होती आणि मी आवाज आणखी चढवला, कारण हसण्यात शब्द बुडू नयेत. छापखान्यात यंत्रं चालू असली की असंच करायचो. शेवटचा पूर्णविरामही म्हटला. टाळ्या थांबेनात. सहाव्या मुलीचे वडील उभे राहून टाळ्या वाजवत होते.

औषधवाले डोळे पुसत माइकवर आले. "आजोबा, काय आयडिया केलीत! कवितेचीच फिरकी घेतलीत!" खाली उतरलो तर बायका-माणसं भोवती जमली. एक म्हणाली, "इतकं गंभीर तोंड कसं ठेवलंत हो?"

मी सगळ्यांना धन्यवाद म्हणालो. काय म्हणणार? ही थट्टा नव्हती, असं सांगितलं असतं तर तेही त्यांना आवडलं असतं.

शोधक मागच्या रांगेत होता. तो हसला नाही. खिशातली पेन्सिल त्याच्या हातात आलेली होती, मांडीवर कार्यक्रमाची पत्रिका, आणि माझ्या प्रत्येक विरामाला त्यानं त्यावर टिंब टेकवलं होतं. सवय. घरी जाताना तो माझा दंड धरून चालत होता.

"तुला पण हसायचं असेल तर हस," मी म्हणालो.

"मला विरामचिन्हं ऐकू येत नाहीत रे. मजकूर तेवढा ऐकू येतो." चार पावलं पुढे गेल्यावर म्हणाला, "हे पोरीला सांगितलंयस?"

मी नाही म्हणालो.

"वहिनींना?"

मी पुढे चालत राहिलो. त्यानं माझा दंड धरला होता तो सोडला. सोडला म्हणजे रागानं नव्हे, हळूच सोडला. पुढच्या चौकात त्याच्या घराकडे वळला, आणि रोज म्हणतो तसं "उद्या येतो" म्हणाला नाही.

कविता तुला पाठवत नाही. ठरलं होतं तसं.

बाबा


२ मार्च

चिऊ,

हे टाकणार नाही बहुतेक. लिहून ठेवतो.

कुणीतरी त्या दिवशी मोबाइलवर चित्रण केलं होतं. ते फिरतंय. लाँड्रीवाल्यानं काल माझे कपडे मोजून दिले: "दोन शर्ट स्वल्पविराम एक पायजमा पूर्णविराम." दुकानातली सगळी हसली. मीही हसलो. औषधवाले घरी येऊन गेले. पुढच्या बैठकीला माझ्या दोन कविता ठेवल्यात, "तशाच म्हणा हं, त्या स्टाइलमध्ये," म्हणाले. बसले, चहा घेतला, भिंतीवरचा तुझ्या आईचा फोटो बघून म्हणाले, "वहिनी फार हसत असतील नाही तुमच्या विनोदांना?"

शोधक आठ दिवस आलेला नाही. त्याच्या घरी फोन केला तर सून म्हणाली, बरे आहेत, झोपलेत. सकाळचे अकरा वाजले होते.

एका माणसाला तेवढी कविता कळली, आणि तो उठून गेला.

कपड्यांखालचे कागद काढून बघितले. चाळीस वर्षांचे. काहींची शाई मागच्या छपाईत मिसळून गेलीय. एका बाजूला रेल्वेचं वेळापत्रक, दुसऱ्या बाजूला माझी संध्याकाळ. वाळवी लागलेली नाही. लागली असती तर बरं झालं असतं.


९ मार्च

चिऊ, माझे बाळ,

काल तुझा फोन आला आणि मी तीनदा 'हॅलो'च म्हणत राहिलो.

"बाबा, मी बोलतेय. अहो, तुम्ही तर फेमस झालात!"

सहा वर्षांनी तुझा आवाज. थोडा जाड झालाय. पण हसतेस तशीच, आधी नाकातून.

"ऑफिसातल्या एकीनं पाठवलं मला. म्हणाली, बघ गं, कसला भारी म्हातारा आहे. मी म्हटलं, अगं, हा माझा बाप आहे! तीनदा बघितलं बाबा. हसून हसून पोट दुखलं, आणि मग एकदम रडूच आलं. अगदी तसेच आहात तुम्ही. माझं प्रगतिपुस्तकसुद्धा असंच वाचायचात. गणित अपूर्णविराम चौतीस."

"छत्तीस," मी म्हणालो.

"बघा! आई असती तर म्हणाली असती, अहो, ती टिंबं तेवढी गिळा की."

मग मला तुझ्या मागे एका लहान मुलीचा आवाज ऐकू आला. कोण बोलतंय, कोण बोलतंय, असं विचारत होती.

"बाबा, मी येऊ का? सव्वीसला सुट्टी लागतेय. पिल्लूला घेऊन येते. तिनं तुम्हाला बघितलंच नाहीये. उद्या तिकीट काढते."

मी ये म्हणालो. ये, ये, ये. किती वेळा म्हणालो मोजलं नाही.

"आणि ती कविता कुणावर होती हो? स्वल्पविरामांत शब्द काही लागले नाहीत."

"आईवर."

"खरंच?" तुझा आवाज एकदम लहान झाला. "मला लिहून पाठवा ना. नुसती कविता. जशी आहे तशी."

फोन ठेवल्यावर मी पलंगपोस बदलला. पिल्लूसाठी खालची खिडकी उघडते का बघितली. अडकलीय, सुताराला सांगायला हवं. पाच वर्षांच्या मुली काय खातात ते शेजारणीला विचारलं. तुला आज हे एवढंच पत्र पाठवून देतो, कविता नंतर पाठवीन. किंवा आलीस की वाचून दाखवीन.


१० मार्च

चिऊ,

कालचं पत्र टाकलं नाही. त्याच पाकिटात हे घालतो आहे. कविता ही:

तुझे पत्र आले, तुला वाचले मी,
जसे पाहिजे ते, तसे वाचले मी;
तुझ्या पापण्यांशी न होता उजेड,
मला मात्र होता, तरी झाकला मी.

वृत्तात बसवली म्हणून ती गोंडस दिसते. घडलं ते वृत्तातलं नव्हतं.

आईची नजर गेल्यावर तू तिला पत्रं लिहायचीस आणि मी ती वाचून दाखवायचो. साडेसात वर्षांपूर्वी एक जाड पत्र आलं. दोन कागद. पहिल्यावर तुझी नवी जागा, खिडकीतून दिसणारं झाड, ऑफिसातल्या गमती. दुसऱ्यावर तू लिहिलं होतंस की तिथल्या डॉक्टरांनी आईचे कागद बघितलेत. एका डोळ्यात थोडी तरी नजर येईल म्हणतात, पण सहा महिन्यांच्या आत यायला हवं. 'आई, मी न्यायला येते. ऑपरेशन होऊ दे आणि मग माझ्याकडेच राहा. फोनवर विचारलं तर तू घाईनं नाही म्हणशील, म्हणून लिहिलंय. नीट विचार कर. यायचं नसेल तर उत्तरात हा विषय काढू नकोस. मी समजेन, पुन्हा विचारणार नाही.' आणि खाली माझ्यासाठी: 'बाबा, हे आईला जसंच्या तसं वाचून दाखवा. तुम्ही एक स्वल्पविरामही सोडत नाही, म्हणून तुमच्या भरवशावर पाठवतेय.'

मी पहिला कागद वाचला. सगळा, विरामांसकट. दुसरा उलटला, डोळ्यांखालून घातला, आणि पत्र मिटलं.

आई म्हणाली, "एवढंच? कागदाची कुरकुर दोनदा झाली."

"मागचा कोरा आहे," मी म्हणालो.

"पोरगी अजून कागद वाया घालवते," ती म्हणाली, आणि हसली.

का केलं ते विचारशील. 'माझ्याकडेच राहा' हे वाचलं आणि मला हे घर दिसलं, तिच्याशिवाय. मला कुणी न्यायला येत नव्हतं. राग आला तुझा. मनात म्हटलं, आज नको, उद्या वाचू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, रविवारी. मग तिनं उत्तर सांगितलं आणि मी ते लिहून घेतलं: झाड कसलं आहे ते कळव, तब्येत जप. विषय निघालाच नाही, म्हणून तुला तुझं उत्तर मिळालं. सहा महिने गेले. त्यानंतर सांगून उपयोग नव्हता, असं मी स्वतःला समजावलं.

तू फोनवर जेवढ्यास तेवढं बोलायला लागलीस. ती विचारायची, "चिऊ अशी तुटक का बोलते हो? माझं काही चुकलं का?" मी म्हणायचो, कामात असेल. ती पत्रानंतर एकोणीस महिने जगली आणि ते सगळे अंधारात जगली. भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात जायची. माझ्या शर्टाची बटणं चाचपून लावायची. तू तिला नकोशी झालीस असं तुला वाटत होतं, आणि तू तिच्यावर रागावलीयस असं तिला वाटत होतं. दोघींच्या मध्ये मी बसलेलो होतो, एकीला मीच वाचून दाखवत होतो आणि दुसरीला मीच लिहीत होतो.

आई गेली तेव्हा तू आलीस ती एका दिवसापुरती. जाताना दारात म्हणालीस, "आईला मी नकोच होते, बाबा. निदान स्पष्ट सांगायचं तरी." मी तुझी बॅग उचलून रिक्षात ठेवली.

परवा फोनवर तू हसत होतीस तेव्हा वाटलं, राहू दे. सव्वीसला तू येशील, पिल्लू येईल, मी तिला टिंबांसकट गोष्टी वाचून दाखवीन, आणि उरलेली दोन-चार वर्षं निघून जातील. फार वेळ नाही, एक तासच असं वाटलं, पण फार सुंदर तास होता तो. मग तुझं वाक्य आठवलं, जशी आहे तशी पाठवा. पुन्हा एकदा मागचा कागद कोरा आहे असं तुला सांगायला माझी जीभ वळेना. हे धैर्य म्हणू नकोस. धैर्य साडेसात वर्षांपूर्वी लागत होतं, दोन मिनिटांपुरतं.

दुसरा कागद मी फाडला नव्हता. या पाकिटात आहे. तुझं अक्षर तू ओळखशील.

क्षमा मागत नाही. आईनं काय उत्तर दिलं असतं, ते मला ठाऊक नाही आणि आता कुणालाच कळणार नाही. कदाचित ती नाही म्हणाली असती. मी स्वतःला रोज तसं सांगून बघतो. पण ज्या दिवशी ती तुझ्या झाडाबद्दल विचारत होती, त्या दिवशी तिनं मान खिडकीकडे वळवली होती.

हे पत्र तुला अठरा तारखेला मिळेल. तिकीट काढलं असशील. रद्द करायचं असेल, तर हातात आठ दिवस राहतात.

बाबा